निळी, गिअरची

"तांबडी घ्या, आप्पा," मी म्हणाले.

"निळी."

"निळी गिअरची आहे."

"म्हणून तर निळी."

नौशादभाईंच्या पुण्यातल्या शेडमध्ये दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दोन सीटच्या, छप्पर मागे दुमडणाऱ्या आणि इतक्या बुटक्या की आत बसायचं म्हणजे जवळजवळ मांडी घालायचीच तयारी. फरक दोनच. एक रंगाचा आणि दुसरा मधल्या दांड्याचा. तांबडी ऑटोमॅटिक होती, निळीला क्लच होता. आप्पा काठीवर भार देऊन निळीपाशी उभे होते आणि तिच्या बॉनेटवरून हात फिरवत होते. त्यांचा डावा पाय जमिनीवर नुसता ठेवल्यासारखा होता.

तो पाय गेलं वर्षभर त्यांचं ऐकत नव्हता. आधी चालताना चप्पल गळून पडायची. मग जिन्यावर पंजा अडकायला लागला. आप्पांनी कोल्हापुरात दाखवलं, मिरजेला दाखवलं, आणि मला फोनवर सांगितलं, "कमरेत शीर दबलीय म्हणे. वय झालं, आता असंच चालायचं." मी पुण्यात इन्शुरन्स कंपनीत अपघातातल्या गाड्यांचा सर्व्हे करायचे. ठोकलेली गाडी बघून ती कशी ठोकली हे सांगायचं, हा माझा रोजचा धंदा. ब्रेकऐवजी भलतीकडे गेलेले पाय आणि अर्धवट दाबलेले क्लच मी इतके बघितले होते, की आप्पांना निळी गाडी दिसत होती तिथे मला तिचा चेंदामेंदा दिसत होता.

"तुमचा डावा पाय चालत नाही," मी म्हणाले. "ऑटोमॅटिकला डावा पाय लागतच नाही. तुमच्यासाठीच बनवलीय की ती! आरामात बसा, उजव्या पायाने चालवा. अजून दहा वर्षं चालवाल."

"ऑटोमॅटिक म्हणजे कुणीतरी चावून दिलेला घास," आप्पा म्हणाले. "गाडी आपली आपण चालती. मग मी काय करू? खिडकीतनं म्हशी मोजत बसू?"

"क्लचवरनं पाय घसरून मरण्यापेक्षा म्हशी मोजलेल्या बऱ्या."

"बघ रे नौशाद्या, कशी बोलती बापाला!"

नौशादभाई काझी हसले. त्यांचा जुन्या, शौकाच्या गाड्यांचा व्यवहार होता. तरुणपणी हे दोघं कोल्हापूरहून घरीच दुरुस्त केलेली गाडी घेऊन पार मद्रासजवळच्या शर्यतींना जायचे. आप्पा चालवायचे आणि नौशादभाई गाडीखाली झोपलेले असायचे. पुढे आप्पांनी फाउंड्री काढली, लग्न केलं, आणि शर्यती सुटल्या. वेड मात्र सुटलं नाही. अशी दोन सीटची गाडी घ्यायची, हे मी ऐकत मोठी झाले. दर वेळी आई विचारायची, "दोन सीटची? मग पोरीला काय डिकीत घालणार?" आणि विषय बारगळायचा. आई गेली, फाउंड्री चुलतभावाने सांभाळायला घेतली, आणि घरात दोनच माणसं उरली. त्यातलं एक पुण्यात. दोन सीट आता पुरत होत्या.

"भूपाल, तांबडी एकदा चालवून तर बघ," नौशादभाई म्हणाले.

"आज नको."

"का नको?" मी विचारलं.

"मन नाही."

गाडी चालवायला आप्पांचं मन नाही, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, रुसलेत. मग मीच तांबडी बाहेर काढली आणि त्यांना शेजारी बसवलं. गाडी सुरेख होती. पाय टेकवला की निघायची, उचलला की थांबायची, मधलं सगळं तिचं ती बघायची. रोजच्या वापरातली माझी गाडीही ऑटोमॅटिकच होती, त्यामुळे मला काही वेगळं करावंच लागलं नाही. इंजिनाचा आवाज चढला की आप्पांचा उजवा हात मांडीवरून थोडासा उठायचा, मधल्या दांड्याच्या दिशेने जायचा आणि परत मांडीवर यायचा. पुढे पुढे त्यांनी तो हात डाव्या हाताखाली दाबून धरला आणि ते बाहेर बघत राहिले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे. लोण्यासारखी आहे," ते म्हणाले. "तू घे पाहिजे तर."

परत आल्यावर नौशादभाईंनी त्यांना निळीतून एक चक्कर मारून आणली. उतरताना दोघांचेही डोळे लाल झालेले होते. छप्पर उघडं होतं, धूळ गेली असेल, असं मला वाटलं. आप्पा शेडच्या टोकाला पाणी प्यायला गेले तेव्हा मी नौशादभाईंना गाठलं.

"काका, तुम्ही तरी समजवा. त्यांचा पाय क्लचवरून निसटला तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

नौशादभाई निळीचा आरसा पुसायला लागले. आरसा स्वच्छच होता.

"घेऊ दे ना त्याला, बेटा," ते म्हणाले. "त्याच्या मनासारखी घेऊ दे."

"आणि काही झालं म्हणजे?"

"काही होणार नाही. तेवढं मी सांगतो."

मला त्यांचाही राग आला. दोन म्हातारे एक झाले की तिसऱ्याचं काही चालत नाही. आप्पा परत आले तेव्हा मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"घ्या निळी. पण माझी एक अट आहे. चालवणार मी. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं नाही. आज नाही, उद्या नाही, मी पुण्याला परत गेल्यावर कोल्हापुरात गुपचूप तर अजिबातच नाही. किल्ली माझ्याकडे राहील."

"कबूल," आप्पा म्हणाले.

मी पुढची सगळी भांडणं तोंडात तयार ठेवून होते, ती तशीच राहिली. इतक्या पटकन आप्पा आयुष्यात कशालाच कबूल झाले नव्हते. भाजीत मीठ जास्त झालंय हेसुद्धा ते वाद घातल्याशिवाय मान्य करायचे नाहीत.

"तुम्ही चालवणारच नाही, तर मग गिअरची कशाला?" मी विचारलं.

"आवाज चांगला आहे तिचा," ते म्हणाले, आणि काठी टेकत ऑफिसात सह्या करायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निळीतून कोल्हापूरला निघालो. गिअरची गाडी मी कित्येक वर्षांत चालवली नव्हती. टोलनाक्यावर क्लच भसकन सोडला आणि गाडीने एक गचका खाऊन मान टाकली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही.

"काय करालीस?" आप्पा म्हणाले. "विसरलीस होय गं सगळं?"

"तुमच्यामुळेच. तांबडी घेतली असती तर एव्हाना साताऱ्यात असतो."

"साताऱ्यात कुणाला जायचंय? सुरूरला वळ. वाईवरनं वर घे. पसरणीचा घाट बघू दे मला."

"वाकडी वाट कशाला?"

"सरळ रस्त्याला काय मजा आहे? पाचव्या गिअरात टाकायची आणि झोपायचं."

मी वळले. खरं म्हणजे मलाही आवडलं असतं. मला गाडी शिकवली ती आप्पांनीच, फाउंड्रीच्या मागच्या मोकळ्या जागेत. तिथे साच्यांची वापरलेली काळी वाळू टाकलेली असायची आणि तिच्या ढिगांना वळसे घालत आम्ही जुनी जीप फिरवायचो. आप्पांची पद्धत वेगळी होती. स्टेअरिंग, ब्रेक आणि क्लच मी सांभाळायचे आणि शेजारच्या सीटवरून गिअर ते टाकायचे. "तू नुसती ऐकायला शीक," ते सांगायचे. "इंजिन दमलं की आवाजात कळतं." आवाज चढला की ते "दाब" म्हणायचे, मी क्लच दाबायचे, त्यांचा हात दांडा पुढे किंवा मागे न्यायचा, की "सोड". दाब, सोड. दाब, सोड. आई मागच्या सीटवर भाजी निवडत बसलेली असायची. ती म्हणायची, "एक गाडी दोघं मिळून चालवताय, पोलिसाने धरलं तर दंड कुणाला?" मला एकटीने गिअर टाकू द्यायला आप्पांनी पुष्कळ दिवस घेतले. मला वाटायचं, माझ्यावर भरवसा नाही म्हणून.

वाईत घाटाच्या अलीकडे एका हॉटेलापाशी आम्ही चहाला थांबलो. मी वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. बुटक्या गाडीतून माणूस उतरवणं सोपं नव्हतं. आधी डावा पाय मी हातांनी उचलून बाहेर ठेवला. मग उजव्याची वाट बघत उभी राहिले. आप्पांनी पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरली आणि उजवा पाय वर ओढला. पाय आपल्या जोराने उचलला गेला नाही. कापड ओढल्यामुळे उचलला गेला, दाराच्या उंबऱ्याला घासला आणि रस्त्यावर पडला.

मी त्यांच्या बुटांकडे बघितलं. डाव्या बुटाचं टोक झिजून पांढरं पडलं होतं, ते मला माहीत होतं. उजव्याचंही टोक झिजलेलं होतं. तसंच, त्याच जागी, पंजा जमिनीवर ओढत चालल्यावर झिजतं तसं. घासल्याच्या खुणा वाचून मी पगार घेत होते आणि या खुणेवर चुकायला जागाच नव्हती.

"आप्पा," मी म्हणाले, "उजवा पण?"

"चल, चहा सांगू."

"उजवा पाय पण गेलाय?"

"रस्त्यात नको गं. बसू दे तरी मला."

आम्ही बाकावर बसलो. चहा आला. आप्पांनी बशीत ओतला, फुंकर घातली, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"कमरेतली शीर वगैरे काही नाही. मिरजेच्या डॉक्टरनी नाव सांगितलं रोगाचं, मला काय ते म्हणता येत नाही. मेंदूकडनं स्नायूंना निरोपच जायचा थांबतो म्हणे. आधी पाय. मग हात." त्यांनी बशी खाली ठेवली आणि बोट गळ्याला लावलं. "मग इथलं. बोलणं, गिळणं. शेवटी श्वास."

"औषध?"

"नाही."

"पुण्यात दाखवू. मुंबईला नेते मी तुम्हाला."

"जाऊया की. तुझ्या समाधानासाठी जाऊया. तिथंही हेच सांगतील. मिरजेचे कागद पाठवून माझं विचारून झालंय."

शेजारच्या बाकावर शाळेची मुलं वडापाव खात होती, त्यांतला एकजण सारखा गाडीकडे बोट दाखवत होता. मला भर बाजारात ओरडावंसं वाटत होतं आणि मी चहाच्या ग्लासाला दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"नौशादकाकांना माहीत होतं," मी म्हणाले.

"त्याला सांगितलं होतं. गाडी शोधायला सांगताना सांगितलं."

"त्यांना सांगितलंत, आणि मला नाही!"

"तुला सांगितलं असतं तर तू मला गाडी घेऊ दिली असतीस होय? व्हीलचेअर घेतली असतीस," ते म्हणाले. "ती पण ऑटोमॅटिक."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. आप्पांनी मला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि हॉटेलवाला बघायला लागला तेव्हा त्याला म्हणाले, "तिखट लागलं तिला."

थोड्या वेळाने मी डोळे पुसले. "म्हणून तांबडी चालवून बघितली नाहीत."

"ब्रेक उजव्या पायानंच मारतात ना, बाळ? उजव्याचा भरवसा राहिला नाही. आता तांबडी काय आणि निळी काय, मला चालवायची कुठलीच नव्हती. तू अट घातलीस तेव्हा मला हसायला आलं."

"मग गिअरची कशाला घेतलीत? खरं सांगा आता."

आप्पांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. मूठ मिटली, उघडली, परत मिटली. फाउंड्रीत भाजल्याचे जुने डाग त्या हातावर होते.

"हा अजून चांगला आहे," ते म्हणाले. "त्या तांबडीत ह्याला काही काम होतं का, सांग. तू चालवणार, गाडी तिचं ती बघणार, आणि मी शेजारी ठेवलेलं सामान. उरलेल्या दिवसांत सगळेच मला सामानासारखं उचलणार आहेत. गाडीत तरी नको."

त्यांना गाडीत बसवलं, डावा पाय आत ठेवला, मग उजवाही आत ठेवला. घाटाच्या पायथ्याशी मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. माझा डावा हात गिअरवरून उचलला आणि स्टेअरिंगवर ठेवला. दोन्ही हात स्टेअरिंगवर, शिकत होते तेव्हा ठेवायचे तसे.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा उजवा हात आला आणि दांड्याच्या गोळ्यावर बसला.

"दाब," ते म्हणाले.

मी क्लच दाबला. पहिला पडला.

"सोड. हळू सोड. ते इंजिन आहे, मांजर न्हवं शेपटी धरून सोडायला."

पसरणीचा घाट आम्ही दोघांनी मिळून चढला. आधी माझी वेळ चुकत होती. मी लवकर सोडायचे, गिअर करकरायचा, ते जीभ चावायचे. दुसऱ्या मोठ्या वळणावर समोरून एसटी आली, मला थांबावं लागलं आणि गाडी उतारावर मागे सरकायला लागली. "हँडब्रेक धरलाय मी, घाबरू नको," ते म्हणाले, आणि त्यांनी धरला होता. एसटीचा ड्रायव्हर वाकून बघत गेला. मग कुठेतरी लय सापडली. वळणाआधी आवाज जड व्हायचा, "दाब" म्हणायच्या आतच माझा पाय गेलेला असायचा आणि त्यांचा हात निघालेला असायचा. खाली धोम धरणाचं पाणी दिसत होतं. वारा डोळ्यांत जात होता. आप्पा मोठ्याने हसत होते, आणि मी त्यांना इतकं हसताना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

वर पाचगणीला पोचल्यावर ते म्हणाले, "परत खाली घे. उतरताना जास्त गिअर लागतात."

आम्ही परत खाली उतरलो. आणि परत चढलो.

त्यानंतर मी बदली मागून कोल्हापूरला आले. मुंबईलाही जाऊन आलो, तिथेही तेच सांगितलं. जमेल त्या रविवारी आम्ही निळी काढायचो. कधी पन्हाळा, कधी आंबा घाट, कधी गगनबावडा. दवाखान्यातली सगळी भाषा शनिवारी संध्याकाळी संपायची. हिवाळा सरताना त्यांच्या हातातला जोर कमी झाला. तिसरा बसायचा नाही, अर्ध्यातच अडायचा. तेव्हा मी माझा डावा हात त्यांच्या हातावर ठेवायला लागले. दांडा मी ढकलत होते, पण मधे त्यांचा हात होता, आणि दिशा तेच देत होते. पुढे तोही हात वर उचलेनासा झाला. मग मी तो उचलून गोळ्यावर ठेवायचे आणि वर माझा. त्यांचा आवाज गेला तेव्हा "दाब" बंद झालं. पण आवाज चढला की ते डोळे मिटायचे, आणि गिअर बदलला की उघडायचे. माझी वेळ एकदाही चुकली नाही, असं त्यांचे डोळे म्हणायचे. ते खरं नव्हतं. बापाला पोरीबद्दल जे वाटतं ते होतं.

आप्पा पावसाळ्याच्या आधी गेले. शेवटच्या रविवारी गाडीत बसवता आलं नाही, म्हणून मी निळी अंगणात, त्यांच्या खिडकीखाली आणून लावली आणि इंजिन चालू ठेवलं. ते ऐकत होते.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. गाडी विकून टाक, असं सगळे सांगतात, दोन सीटच्या गाडीचं एकट्या बाईला काय काम. परवा नौशादभाई कोल्हापूरला आले होते. खूप थकलेत, पण निळी बघितल्यावर त्यांना राहवलं नाही. "चल बेटा, एक चक्कर मार," म्हणाले, आणि शेजारच्या सीटवर बसले. मी त्यांना रंकाळ्याच्या बाजूने बाहेर नेलं. शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, इंजिनाचा आवाज चढला. मी क्लच दाबला.

"टाक ना गिअर," नौशादभाई म्हणाले. "क्लच दाबून बसलीस कशाला? कुणासाठी थांब..."

माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. त्यांनी ते बघितलं आणि तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं.

"नेहमीच होतं असं, काका," मी म्हणाले. मग डावा हात खाली नेला आणि गिअर टाकला.